हरवलेल्या गजाची वाटणी

नागोजी अण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातीचा तर विषयच निघाला नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिंप्याची फीत काढली, माझ्या पाठीमागे गेले आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ती ताणली.

"डावा खांदा स्वल्प खाली हाय," ते म्हणाले. "पिशवी रोज त्याच बाजूला अडकवता काय?"

मी हो म्हणालो. मी सांगलीकडचा माणूस. बंगळुरात एका सरकारी कारखान्यात अभियंता म्हणून लागलो होतो आणि शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळतो का, हे बघायला आलो होतो. त्यांनी माझी छाती मोजली, बाही मोजली, फीत गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं निकाल दिला, "माणूस वाकडा हाय गं, पण लबाड दिसत नाही. किल्ली दे."

पुढं मी त्या घरात केस पांढरे होईपर्यंत राहिलो. अण्णांचं घराणं बंगळुरात साडेतीनशे वर्षांपासून होतं, म्हणजे तसं ते सांगत. त्यांची मराठी तेव्हा घोड्यावर बसून इकडं आली आणि वाटेत जागोजाग कन्नड पाणी प्याली. मी एखादा शब्द वेगळा उच्चारला तर ते समजुतीनं मान हलवत. "चालतंय. तुमची मराठी नवी हाय. मुरायला वेळ लागतो."

अण्णा मूळचे कापडवाले आणि शिंपी. दुकान मी यायच्या आधीच बंद झालं होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळत. पण दुकान बंद झालं म्हणून मोजायचं थोडंच बंद होतं? ते रिक्षात बसण्याआधी रिक्षाची सीट मोजत. बागेतल्या बाकावर कोणी पाय पसरून बसला तर त्यानं किती माणसांची जागा खाल्ली हे त्याला इंचात सांगत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रविवारी डोसा आला की आधी फीत, मग चटणी.

"पूर्वी हा डोसा ताटाबाहेर जात होता," ते मालकाला म्हणत. "आता ताटात लपतोय."

"अण्णा, दर तोच हाय की."

"दर कोण विचारतंय? मी लांबी विचारतोय."

शेवटी मालकानं शरणागती पत्करली. अण्णांचा डोसा वेगळा, दोन पळ्यांचा घालायला लागला. अण्णांनी तो मोजला, समाधानानं मान डोलावली आणि अर्धा मला दिला, कारण एवढा त्यांना खाववत नसे.

एवढं असून फितीवर त्यांचा विश्वास नव्हता. "फीत म्हणजे भाड्याचा साक्षीदार," ते म्हणत. "ताणली की लांबते. खरा तो गज." आणि मग छातीवर हात ठेवून घराण्याचं ब्रीद ऐकवत, "हात हलेल, गज हलणार नाही." बोलता बोलता डोळे वर खुंटीकडं जात. खुंटीला काही नसे.

त्या गजाची कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतसुद्धा सांगेन. दुसरं महायुद्ध चालू होतं. छावणीत गोऱ्या शिपायांची झुंबड, गणवेशाचं काम दिवसरात्र, आणि कापड तर रेशनवर. अण्णांच्या आजोबांचं दुकान तेव्हा भरात होतं. दुकानात कापड मोजायचा लोखंडी गज होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. एका टोकाला शंख कोरलेला, दुसऱ्या टोकाला कात्री. एक दिवस सगळ्या बाजारातले गज तपासायला एक गोरा साहेब आला. दुकानादुकानातून फिरत आजोबांच्या दुकानाशी आला. गज हातात घेतला. आपल्या पट्टीशी लावून बघितला. पुन्हा लावला.

इथं अण्णा थांबत. प्रेक्षक कितीही जुना असला तरी थांबत.

"आणि साहेबानं टोपी काढली," ते हळूच म्हणत. "म्हणाला, असा गज मी सगळ्या हिंदुस्थानात बघितला नाही. हा इथं ठेवून चालणार नाही. आणि घेऊन गेला की. युद्धावर."

मी राहायला आलो तेव्हा हा साहेब कॅप्टन होता. दोन-तीन वर्षांत मेजर झाला. माझ्या मुलीच्या बारशाला अण्णांनी गोष्ट सांगितली तेव्हा तो कर्नल होता, आणि मला खात्री आहे, मी अजून थोडं राहिलो असतो तर तो व्हाइसरॉय झाला असता. ब्रह्मदेशच्या जंगलातले पूल म्हणे याच गजानं मोजून बांधले.

"अण्णा, पूल गजानं मोजत नाहीत," मी एकदा म्हणालो.

"म्हणून पडतात," अण्णा म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंगळुरात आयुधपूजा. त्या दिवशी हे शहर हत्यार म्हणून काय काय पूजील याचा नेम नाही. बसला केळीचे खांब, रिक्षाला झेंडू, संगणकाच्या कंपन्यांत लॅपटॉपला कुंकू, आणि रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यांवरून घसरणारी माणसं. अण्णांच्या घरी पाटावर ओळीनं कात्री, शिवणयंत्र, इस्त्री आणि सुयांची डबी मांडत. मधोमध तांबड्या कापडाची घडी आणि त्या घडीवर काहीच नाही. ती गजाची जागा. त्या रिकाम्या घडीला हळदकुंकू, एक फूल, आरती. पहिल्या वर्षी मी चुरमुऱ्यांची वाटी ठेवायला मोकळी जागा दिसली म्हणून तिथं ठेवली. अण्णांच्या पत्नीनं, म्हणजे रुक्माक्कांनी, ती अशी उचलली, जणू मी ती देवाच्या डोक्यावर ठेवली होती.

आणि या रिकाम्या जागेवरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं.

अण्णांचे थोरले भाऊ हेब्बाळला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत. कन्नडमध्ये दोड्ड म्हणजे मोठा, म्हणून त्यांना सगळे दोड्डण्णा म्हणत. लहानपणी दोघं भाऊ एका चटईवर झोपले, मोठेपणी एका मशीनवर आळीपाळीनं बसले. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. त्या कशा झाल्या हे गल्लीत अजून कौतुकानं सांगतात. टेबलं वाटली, इस्त्र्या वाटल्या, गिऱ्हाइकं वाटली. वडिलांची काठी कुणाला आणि चश्मा कुणाला, इथपर्यंत सगळं एका दुपारी, चढा आवाज न होता. साक्षीला बसलेले शेजारचे म्हातारे गृहस्थ उठून चप्पल घालत होते, तेवढ्यात दोड्डण्णा म्हणाले, "गज सापडला तर तो माझ्याकडं राहील. मी थोरला."

अण्णा म्हणाले, "सापडवील त्याचा."

"नागू, थोरल्याचा मान असतो."

"शोधणाऱ्याचा नसतो काय?"

म्हाताऱ्यानं घाबरत विचारलं, "पण गज आहे कुठं?"

"हरवलाय," दोघं एकदम म्हणाले.

"मग वाटणी कशाची?"

त्यावर दोन्ही भाऊ त्याच्यावर उलटले. "तुम्हाला घराण्यातलं काय कळतं?" हे वाक्यही दोघं एका सुरात बोलले, आणि दोघांनी मिळून उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा बंद. आयुधपूजेला तांबडी घडी आता दोन घरांत मांडायला लागले. अण्णा गंभीरपणे सांगत, "हेब्बाळची रिकामी जागा खोटी हाय. खरी रिकामी जागा आमच्याकडं."

बायकांनी मात्र हे भांडण पहिल्या आठवड्यातच निकालात काढलं होतं. रुक्माक्का आणि थोरल्या जाऊबाई रोज फोनवर बोलत, आणि दर गुरुवारी हेब्बाळहून कोणी ना कोणी इकडं येणारा निघे, त्याच्या हाती डबा असे. त्यातली आमटी अक्का आपल्या पातेल्यात ओतून अण्णांना वाढत.

"आज आमटी कुणी केली?" अण्णा विचारत.

"मीच. अजून कोण येऊन करतंय?"

"हां. तूच असशील. भाजलेले धणे टाकलेस म्हणून विचारलं." आणि पुन्हा वाढून घेत. एवढं नाटक वर्षानुवर्षं चाललं होतं. प्रेक्षक मी आणि माझी बायको, आणि आम्हीही तिकीट काढल्यासारखे गुरुवारी काही ना काही निमित्तानं खाली जात होतो.

असाच एक गुरुवार. अण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ कमी हाय."

"हात चुकला असेल."

पुढच्या गुरुवारी आणखी कमी. त्याच्या पुढच्या गुरुवारी आमटीत मीठ नव्हतंच. अण्णांनी ताटाकडं पाहिलं. मीठदाणी समोर होती, पण तिला हात लावला नाही. ती आळणी आमटी त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली आणि मग विचारलं, "डॉक्टरानं कधीपासून बंद केलंय?"

अक्का या वेळी 'मीच केली' म्हणाल्या नाहीत. "महिना झाला," त्या म्हणाल्या. "हृदयाचं हाय म्हणतात. जिना चढवत नाही त्यांना."

अण्णा हात धुऊन येऊन बसले. फीत काढली, गुंडाळली, परत उलगडली. "गज सापडायला पाहिजे," ते म्हणाले.

"अय्यो, गजाचं काय घेऊन बसलात? उठून जा की हेब्बाळला."

"रिकाम्या हातानं?"

"मग काय पेढे नेणार?"

"तसं नाही गं." हे ते माझ्याकडं बघून म्हणाले, कारण पुरुषाचा मूर्खपणा पुरुषालाच पटतो अशी त्यांची समजूत होती. "रिकाम्या हातानं गेलो तर मी हरलो म्हणून गेलो. गज घेऊन गेलो, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, घ्या, तुम्ही थोरले, तर मी दिला म्हणून गेलो. सोडायला आधी हातात पाहिजे की नाही?"

अक्कांनी पदरानं कपाळ पुसलं. "तोवर ते राहायला पाहिजेत," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

त्या दिवसापासून शोधाला घाई आली. शोध तसा जुनाच होता. एका वस्तुसंग्रहालयात त्यांनी काचेवर फीत लावून आतली तलवार मोजली होती आणि पाटीवर लिहिल्यापेक्षा ती कमी भरते, असं पहारेकऱ्याला सांगितलं होतं. पहारेकरी "मुट्टबेडी सर, हात लावू नका" एवढंच म्हणत राहिला. अण्णा म्हणाले, "मी कुठं लावतोय? माप लावतंय." त्यानंतर त्यांना तिथं एकट्यानं सोडत नसत.

पण शोधाचं खरं मैदान म्हणजे शिवाजीनगरची जुन्या लोखंडाची गल्ली. अण्णा गज शोधतात ही बातमी तिथं फुटल्यावर गल्लीतल्या लोखंडाला शंख उगवायला लागले. बाशा नावाचा एक भंगारवाला तर दर महिन्याला एक अस्सल गज काढी.

"अण्णा, ह्यो बगा. मिलिटरीतून आला."

"ह्याला पडद्याची कडी तशीच हाय की रे."

"साहेबानं तंबूत पडदा लावला असेल."

अण्णा कात्री बघत, शंख बघत, आणि मग फीत लावत. बहुतेक सळ्या तिथंच मरत. "बोटभर कमी. आमचा नव्हे," एवढं बोलून ते वळत. आमचा गज, म्हणजे घराण्याचा गज, कमी असूच शकत नाही, ही पहिली परीक्षा. एखादी सळी भरली पुरी, तर दुसरी परीक्षा असे. ते डोळे मिटून मधल्या भागावर अंगठा फिरवत आणि मग मान हलवत. ही परीक्षा कसली हे त्यांनी बाशाला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या कापड मोजताना त्याच जागी अंगठा दाबून दाबून लोखंडाला खळगा पडला होता. आजोबांचा अंगठा रुंद, चपटा आणि थोडा डावीकडं कललेला. वडिलांचा तसाच, अण्णांचा तसाच, दोड्डण्णांचाही तसाच. "शंख कोणी पण कोरील," अण्णा म्हणाले. "अंगठा कुठून आणील?"

तरी पुऱ्या भरलेल्या काही सळ्या ते घरी घेऊन येत. बाशाला वाईट वाटू नये म्हणून.

आणि गज सापडला तो एका बिअरच्या दुकानात.

झालं असं, की आमच्या कारखान्यातले एक सहकारी निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलानं महादेवपुऱ्यात, संगणकाच्या कंपन्यांच्या गराड्यात, जिथं बिअर तिथल्या तिथं बनवतात अशा एका झकपक ठिकाणी मेजवानी दिली. तिथं भिंतीभर जुन्या वस्तू टांगल्या होत्या. कंदील, चरखा, सायकलचं हँडल. लोकांच्या आज्या ज्या गोष्टींना कंटाळल्या, त्या बघत नातवंडं पीत होती. मी सत्काराचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सहज अण्णांना दाखवला. सत्कारमूर्तीकडं त्यांनी पाहिलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"ह्यांच्या डोक्यामागं काय हाय?"

निवृत्त गृहस्थांच्या टकलामागून एक लोखंडी सळी बाहेर आली होती. तिच्या टोकाला शंख होता.

संध्याकाळी मी अण्णांना गाडीतून घेऊन गेलो. आयुष्यात सोड्याच्या पुढं न गेलेला माणूस, धोतर, काळी टोपी, खिशात फीत, काखेत बाशाकडून आणलेली एक पुरी सळी, ताडून बघायला नमुना म्हणून. दारातल्या मुलानं दोघांच्या मनगटावर शिक्के मारले. अण्णांनी शिक्का सरळ बसलाय का ते पाहिलं. आत शेजारच्या टेबलावर बिअरचा पेला होता. ते थबकले.

"वर बोटभर फेस हाय," ते पिणाऱ्या तरुणाला म्हणाले. "तो पण मापात धरतात काय?"

तरुणानं पेल्याकडं नव्यानं पाहिलं. आम्ही पुढं गेलो तेव्हा तो वेटरला हाक मारत होता.

तिथली व्यवस्थापक पुण्याची निघाली. ईशा तिचं नाव. "काका, ते ना ॲक्च्युअली व्हिंटेज कर्टन रॉड आहे," ती म्हणाली. "डेकोर पीस. टच केला तरी चालेल, पण प्लीज स्टूलवर चढू नका, लायबिलिटी आहे."

"पुण्याच्या काय तुम्ही?"

"हो, कसं ओळखलंत?"

"मराठीत मराठी कमी पडतंय म्हणून," अण्णा म्हणाले आणि स्टूलवर चढले.

मी स्टूल धरला. अण्णांनी कात्री पाहिली, शंख पाहिला. फीत लावली. मग काढून पुन्हा लावली, या वेळी दुसऱ्या टोकापासून. खालून मला फितीवरचा आकडा दिसत होता आणि मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य बोलून खाली उतरतील. ते बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटून सळीच्या मध्यावर अंगठा ठेवला, आणि तो रुंद, चपटा, डावीकडं कललेला अंगठा लोखंडात जाऊन बसला. झाकण डब्यावर बसावं तसा.

ते बराच वेळ तसेच उभे होते. मागं गाणी वाजत होती. मी तेवढ्यात सळीची खालची बाजू पाहिली. शंखापाशी छिन्नीनं मारलेली एक खोल फुली होती. आमच्या कारखान्यात नापास मालावर अशीच फुली मारतात, फक्त तांबड्या रंगाची. तपासणाऱ्या साहेबानं त्या दिवशी टोपी का काढली असेल हे मला समजलं. ऊन असेल.

अण्णा खाली उतरले. त्यांनी फुली पाहिली होती का? माणूस डोशाचं इंचभर कमी-जास्त ओळखतो, त्याला फुली दिसली नसेल असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "थोडं पाणी मागा."

पाणी आलं. ते प्यायले. मग ईशाला म्हणाले, "बाई, ही सळी मला द्या. ही घ्या त्याच्या बदल्यात." आणि काखेतली बाशाची सळी पुढं केली.

ईशानं भिंतीवरची सळी काढवली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिल्या. "अय्या, याच्यावर शंख जास्त क्लिअर आहे. आणि लांब पण आहे ही. शुअर, काका? तुमचा लॉस आहे."

"होगली बिडी," अण्णा म्हणाले. जाऊ द्या.

अशा रीतीनं एका संध्याकाळी खोटा गज पुरा होता म्हणून भिंतीवर चढला आणि खरा गज कमी होता म्हणून घरी निघाला. गाडीत मी विचारलं, "हेब्बाळला घेऊ?"

"घरी."

घरी त्यांनी तो तांबड्या कापडात गुंडाळून कपाटामागं ठेवला. आठवडाभर त्यांनी काही मोजलं नाही. रविवारी डोसा आला, तो तसाच खाल्ला. हॉटेलमालकानं मला बाजूला घेऊन विचारलं, अण्णांना बरं नाही काय. साहेबाची गोष्ट तर त्यांनी बंदच केली. आमच्याकडं आलेल्या एका पाहुण्यानं मुद्दाम विषय काढला तेव्हा म्हणाले, "आलता एक शिपाई कोणीतरी." कर्नलचा शिपाई झालेला मी डोळ्यांनी पाहिला.

त्यांची अडचण मला दिसत होती. गज नेला नाही तर भाऊ भेटत नाही. नेला तर भावाच्या पुढ्यात काय ठेवायचं? साडेतीनशे वर्षांचं ब्रीद, आणि त्यावर फुली. आजोबांनी रेशनच्या दिवसांत किती लोकांच्या सदऱ्यांतलं बोटभर कापड खाल्लं याचा पुरावा, तोही हृदयाच्या आजाऱ्यापुढं.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी अक्का उघडच म्हणाल्या, "हेब्बाळहून फोन होता. ते या वर्षी पूजेला खाली बसणार नाहीत, खुर्चीत बसणार हायत. वाकवत नाही म्हणे." अण्णांनी टोपी घातली, कपाटामागून पुडकं काढलं आणि माझं दार वाजवलं.

हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये पूजा मांडून झाली होती. थोरल्या जाऊबाई दारात दिवा घेऊन उभ्याच होत्या, त्यांना फोनवर सगळं आधी कळलेलं. पाटावर कात्री, इस्त्री, मधोमध तांबडी रिकामी घडी, पलीकडं खुर्चीत दोड्डण्णा. अण्णा दारातच उभे राहिले. इतक्या वर्षांनी भाऊ भावाला काय बोलतो, म्हणून मी कान टवकारले.

"छाती चार इंच गेली तुमची," अण्णा म्हणाले.

"तीन," दोड्डण्णा म्हणाले. "सदरा ढगळ हाय. बस, नागू."

अण्णा बसले. पुडकं भावाच्या मांडीवर ठेवलं. "घ्या," ते म्हणाले, "तुम्ही थोरले." ठरवलेलं वाक्य होतं, पण आवाज ठरवल्यासारखा निघाला नाही.

दोड्डण्णांनी कापड उलगडलं. शंख पाहिला, कात्री पाहिली, आणि खिशात हात घातला. त्यांच्याही खिशात फीत होती. गज मांडीवर आडवा ठेवून त्यांनी तो मोजला. मग उलटा करून मोजला. मग डोळे मिटून मध्यावर अंगठा ठेवला, आणि तो बसला. मग त्यांनी फुली पाहिली. तिच्यावरून नख फिरवलं. जाऊबाईंच्या हातातला दिवा स्थिर होता.

दोड्डण्णांनी भावाकडं पाहिलं. अण्णा पाटाकडं बघत होते.

"हा आपला नव्हे," दोड्डण्णा म्हणाले.

अण्णांनी श्वास सोडला. "मला पण तसंच वाटलं."

"आपला पुरा होता."

"पुरा म्हणजे काय. वर दोराभर जास्तच असेल."

"हा कुणातरी लबाडाचा दिसतोय."

"शिवाजीनगरात काय कमी होते त्या वेळी?"

"मग आपला अजून सापडायचाय," दोड्डण्णा म्हणाले आणि गज भिंतीशी उभा केला. "सापडल्यावर बघू कुणाचा ते. तोवर जेवून जा."

"मीठ घालायला सांगा," अण्णा म्हणाले. आणि लगेच, "नको. असू दे. सवय झालीय."

त्या दिवशी त्या रिकाम्या घडीला दोन्ही भावांनी मिळून आरती केली, आणि खरी रिकामी जागा कुठली हा वाद संपला. गज भिंतीला टेकून पाहुण्यासारखा बघत होता. पुढं वर्षभर रविवारी अण्णा हेब्बाळहून दोड्डण्णांना रिक्षात घालून आणत आणि दोघं जुन्या लोखंडाच्या गल्लीत गज शोधत. बाशा मला म्हणाला, "आधी एक म्हातारा नको म्हनायचा, आता दोन. पन बसतात निवांत, चहा पितात, हसतात. मला वाटतं त्यांना गज नकोच हाय." भंगारात आयुष्य गेलं तरी माणूस ओळखायला तो चुकला नव्हता. अण्णांची साहेबाची गोष्टही परत सुरू झाली. साहेब पुन्हा कॅप्टनपासून चढायला लागला.

मी बंगळूर सोडलं त्याच्या आधीची आयुधपूजा. मी निरोप घ्यायला हेब्बाळला गेलो होतो. पाट मांडला होता, तांबडी घडी ठेवली होती, आणि दोड्डण्णा आतून ओरडत होते, "नागू, फूल राहिलं की." अण्णा बाल्कनीत गेले. तिथं एका मोठ्या कुंडीत जाऊबाईंनी निळ्या गोकर्णाचा वेल लावला होता. वेलाला आधार म्हणून कुंडीत गज रोवलेला होता, शंख मातीत, कात्री वर. वेल कात्रीच्याही वर गेला होता आणि हवेत चाचपडत होता. त्याला बोटभर आधार कमी पडत होता.

वरचं फूल काढण्यासाठी अण्णा टाचा उंचावून उभे राहिले. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं त्यांनी गज धरला. अंगठा आपोआप खळग्यात गेला. फूल हाती आलं तरी त्यांनी हात लगेच काढला नाही.

"सापडलं काय?" आतून दोड्डण्णांनी विचारलं.

"फूल सापडलं," अण्णा म्हणाले, आणि ते रिकाम्या जागेवर ठेवायला आत गेले.